पिंगुळीचा बद्द वाडगा

भुताखेताच्या गोष्टी निघाल्या की मी उठून चालू लागतो. आयुष्य दर्यावर गेलं. अमावास्येला जाळी टाकली, मेलेली माणसं पाण्यातून ओढून काढली, पण दर्यावर माशाशिवाय मला कधी काही दिसलं नाही. त्यामुळे तुमच्या ह्या अद्भुत अनुभवांच्या सदरात लिहिणारा मी माणूस नव्हे. शाळाही चौथीपर्यंतच. पण गेल्या पावसाळ्यात माझी बायको शेवंता वारली, आणि ह्या गोष्टीला माझ्याशिवाय दुसरा साक्षीदार उरला नाही. म्हणून लिहितो. शुद्धलेखन धाकट्या मुलीने पाहिलं आहे.

आम्ही मालवणचे. मी होडीवर, शेवंता सुक्या मासळीची पाटी घेऊन आत कुडाळकडच्या गावांत. सत्तावन्न-अठ्ठावन्न सालची गोष्ट. तेव्हा घरोघरी जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, भांडी यायला लागली होती... हलकी, चकचकीत. लोक जुनं कासं मोडीत घालत होते. वाडवडिलांच्या पंगतीतले वाढायचे वाडगे, तीन-तीन पिढ्यांचे, कासाराकडे जाऊन वितळत होते. शेवंताला ते बघवत नसे. बांगडे द्यायचे आणि वाडगा आणायचा, असा तिने सपाटा लावला. आरोंद्याचा जाड काठाचा वाडगा साराचा. खारेपाटणहून कोणीतरी आणून दिलेला झाकणाचा, तो खिरीचा. एक इतका लहान की तूप वाढण्याशिवाय कामाचा नाही. आणि फळीवर मांडून ठेवायचे नाहीत हं — रोज एक काढायची, त्यातूनच वाढायची. शेजारणी म्हणायच्या, शेवंताच्या घरात माणसं दोन आणि वाडगे पंगतीचे. ती म्हणायची, मग जेवायला या.

वाडगा घेताना तिची एक रीत होती. डाव्या तळव्यावर धरायचा, कानाजवळ न्यायचा आणि काठावर नखाने टिचकी मारायची. आवाज पुरा विरेपर्यंत ऐकायचा. मग परत एक टिचकी. चीर गेलेलं कासं बद्द वाजतं, चांगलं असेल तर गातं. मी थट्टा करायचो, की डॉक्टरही एवढा वेळ छाती तपासत नाही.

गणपती होऊन गेले होते. शेवंता सकाळी पाटी घेऊन पिंगुळीला गेली, दर्यापासून पंधरा मैल आत, तिथे एका काकीकडे तिची नेहमीची वस्ती असायची. मी आणि माझा चुलतभाऊ भिवा होडी घेऊन बाहेर पडलो. भिवा माझ्यापेक्षा लहान, पण दर्याची जाण माझ्याहून जास्त, हे मी आजही म्हणतो.

दुपार कलली आणि पश्चिमेकडून काळं चढलं. शीड उतरवेपर्यंत पाऊस अंगावर आला. असा की होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, बसलेला भिवा मला दिसेना. मालवणच्या बंदराच्या तोंडाशी खडपं आहेत, म्हणजे खडक, पाण्याच्या जरा खाली. वाट अरुंद. वाट चुकली की होडीच्या फळ्या होतात, हे तिथलं पोरही सांगेल. वारा आम्हाला आत लोटत होता आणि वाट कुठे हे कळायला मार्ग नव्हता. भिवा सरकत सरकत माझ्याजवळ आला, डावीकडे हात करून ओरडला, वाट तिकडे. मलाही तसंच वाटत होतं. मी सुकाणू वळवलं.

तेवढ्यात ऐकू आलं.

उजवीकडून. बारीक, लांब, शेवटी किंचित थरथरणारा आवाज. देवळाची घंटा नव्हे, घंटा मी ओळखतो. आवाज पुरा विरला. मग थांबला. मग परत तसाच. कानाला लागून बसलेल्या भिवाचं ओरडणं मला अर्धं ऐकू येत होतं, आणि हे मात्र स्वच्छ... जसं घरात आपण इकडे बसावं आणि पलीकडच्या खोलीत कोणी टिचकी मारावी.

मी सुकाणू उलटं फिरवलं. भिवाने माझा हात धरला.

"खंय व्हरतंस रे? थंय खडप आसा!"

मी म्हटलं, ऐक. तो म्हणाला, काय ऐकू? त्याला काही ऐकू येत नव्हतं. मी त्याचा हात झटकला आणि आवाजावर होडी घातली. परत वाजलं की तिकडे, थांबलं की सुकाणू तसंच धरून. भिवा देवाचं नाव घेत होता आणि मधेमधे मला शिव्या घालत होता.

मग डाव्या अंगाला पांढरं दिसलं. फेस. खडपावर लाटा फुटत होत्या — आम्ही जिकडे निघालो होतो नेमक्या तिथे. आम्ही बाजूने सरकून आत आलो आणि पाणी शांत झालं. भिवा किनाऱ्यावर उतरला आणि वाळूला हात लावून पाया पडला.

दुसऱ्या दिवशी शेवंता परतली. आम्ही दोघे पडवीत जाळं सांधत होतो. तिने लुगड्याच्या तुकड्यात बांधलेला वाडगा सोडला, तळव्यावर धरला आणि टिचकी मारली.

मी सुई खाली ठेवली. तोच आवाज. तीच शेवटची थरथर. अंधारात घरच्या माणसाचा खोकला ओळखावा तसा ओळखला. आणि हा वाडगा त्याआधी मी कधी पाहिलेलासुद्धा नव्हता.

भिवा मात्र हसायला लागला. "वयनी, ह्यो फुटको कित्याक हाडलंस गो? बद्द वाजता."

"तुजे कान फुटलेत," शेवंता म्हणाली.

मी तिला सगळं सांगितलं. कधी वाजवलास ते विचारलं. जेवणं झाल्यावर, म्हणाली, काकीकडे पडवीत बसून, दर्याकडचं आभाळ काळं झालं होतं तेव्हा. एरवी दोन टिचक्या मारून ठेवून देणारी, पण हा हातातून सोडवेना, वाजवतच बसली. मी विचारलं, तुला काही कळलं होतं का? ती आपली नवीन वाडगा पुसत होती.

"तुमी खंय होतास ता माका काय ठावक? आवाज बरो वाटलो, वाजवलंय."

एवढंच. कुठे अंगारा नाही, नवस नाही.

मला राहवेना. चांगली सुरमई मिळाली तशी ती घेऊन मी पिंगुळीला काकीकडे गेलो. तुमच्या वाडग्याने वाचलो, म्हटलं. काकी म्हणाली, तो वाडगा तिची सासू असल्यापासून बद्द वाजतो, म्हणून तर मोडीत घालायला काढला होता. तुझी बायको कानाला लावून लावून एवढं काय ऐकत होती, मला वाटलं उन्हाने डोकं फिरलं.

घरी येऊन वाडगा उन्हात धरला. काठाखाली केसासारखी चीर आहे, तिच्यातून उजेड दिसतो. असलं कासं गात नाही. ते शेवंतालाही कळत होतं, तिच्याइतकं कोणाला कळणार? पण तिला तो गाणाराच ऐकू यायचा, आणि मला. दुसऱ्या कोणालाही नाही. भिवाला मरेपर्यंत बद्दच.

जावई म्हणतात, संकटात भास होतात. असतील. पण भासाला खडप कुठे आहे हे कसं ठाऊक, आणि उद्या घरी येणाऱ्या वाडग्याचा आवाज आज कसा ठाऊक? भिवाला विचारायचो, तर तो म्हणे, जीव वाचला ना, मग गप जेव.

माझ्या दोन्ही मुली त्या दुपारनंतरच्या. त्यांची लग्नं, नातवंडं, शेवंताबरोबरची भांडणं, तिच्या हातची माशांची तिखलं... सगळं त्या दुपारच्या पुढचं. बाकीचे वाडगे मुलींनी वाटून घेतले, हा कोणी मागितला नाही. धाकटीने परवा वाजवून पाहिला आणि विचारलं, बाबा, तुम्हाला वाजतो म्हणजे नक्की कसा? मला सांगता आलं नाही. ज्या माणसाला न सांगता कळत होतं ते आता नाही.

कोणाला कारण माहीत असेल तर जरूर कळवा. नसेल तरी माझी तक्रार नाही. मला मिळायचं ते मिळून गेलं आहे, आणि भरभरून मिळालं आहे.