केहाऊची नाळ

लास वेगासला का आलात, ह्या प्रश्नाची उत्तरं नोहेआला तोंडपाठ होती. ओआहू ह्या माहेरच्या बेटावरून नात्यातलं कुणी चार दिवस जुगार खेळायला आलं की पहिला टोमणा ठरलेला: "अगं, एवढा समुद्र सोडून ह्या भट्टीत काय येऊन पडलीस?" मग नोहेआ बोटांवर मोजत सांगायची. भाडं परवडतं. हॉटेलात कामाला तोटा नाही. पोरांना शाळा जवळ. शिवाय वायअनाय हे तिचं निम्मं गावच इथं येऊन राहिलंय, पोईपासून, म्हणजे अळकुड्यांच्या लापशीपासून, सुक्या मासळीपर्यंत काय हवं ते मिळतं. ह्यात खोटं काहीच नव्हतं. पण खरं कारण तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही.

वायअनायचं तिच्या आईचं घर भाड्याचं होतं. भाड्याचं म्हणजे काय, तिच्या आज्यापासून त्याच घरात होते सगळे, त्यामुळे ते भाड्याचं आहे हे विसरायलाच झालं होतं. परसात नीरफणसाचं झाड. घरात मूल झालं आणि नाळेचा तुकडा गळून पडला की तो त्या झाडाखाली पुरायचा. नोहेआची नाळ तिथं, तिच्या तिन्ही पोरांचीही तिथंच. मग एक दिवस मालकानं घर विकून टाकलं. ज्यानं घेतलं त्यानं झाड तोडलं आणि गाड्या लावायला परसभर सिमेंट ओतलं. नोहेआ कुंपणाशी उभी राहून ते बघून आली. घरी येऊन भांडी घासताना तिनं मनाशी पक्कं केलं, ह्यापुढे माझ्या घरातली नाळ परक्याच्या जमिनीत जाणार नाही. ज्या गावात मला हक्काची जमीन घेता येईल तेच माझं गाव. मग ते वाळवंटात का असेना!

पुढं ती आणि तिचा नवरा काइमाना वेगासला आली आणि राबराब राबली. ती हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालायची, तो पाहुण्यांची बस चालवायचा. गावाच्या कडेला एक बुटकं घर घेतलं, मागं हातभर परस. आणि ह्या ऑक्टोबरात तिच्या धाकट्या मुलीला, माहिनाला, मुलगी झाली. नोहेआची आई, म्हणजे बाळाची पणजी, बेटावरून मुद्दाम आली आणि तिनं नाव ठेवलं केहाऊ, म्हणजे दव. जिथं दव म्हणून पडत नाही तिथं जन्मलेल्या पोरीचं नाव दव! पण पणजीपुढं बोलायची कुणाची बिशाद.

पणजीला सगळे तुतू म्हणायचे, आजीला आमच्याकडं तेच म्हणतात. फक्त नोहेआ तिला आई म्हणायची. केहाऊची नाळ गळली तेव्हा तुतूनं ती रुमालात बांधली आणि सरळ आपल्या पिशवीत टाकली.

"आई, ती इकडं दे," नोहेआ म्हणाली.

"कशाला? मी नेते बेटावर. तुझ्या भावाच्या दारात पुरीन."

"भाऊ स्वतः भाड्यानं राहतो."

"म्हणून काय झालं? माती तर आपली आहे ना. नाळ जिथं असेल तिथं पोर परत येतं. इथं पुरलीस तर ही पोर कधी घरी यायची नाही."

"कुठल्या घरी?" नोहेआचा आवाज चढला. "माझ्या तिघांच्या नाळा तिथंच आहेत ना? आला का एक तरी परत? काय खाऊन परत येतील? कोंबडीचं खुराडं तरी घेता येईल का त्यांना तिथं? आणि त्या नाळांवर लोक गाड्या लावतात, आई. गाड्या! तेलाचे डाग पडलेत वर. मी बघून आलेय."

तुतूला सिमेंटचं ठाऊकच नव्हतं. घर सुटल्यापासून त्या गल्लीत तिनं पाऊल टाकलं नव्हतं. माहिना बाळाला पाजत होती, ती आईकडं बघतच राहिली. ह्या घराचं खरं कारण ती आज पहिल्यांदा ऐकत होती.

पण तुतू इतक्यात हार मानणाऱ्यातली नव्हती. पिशवी मांडीवर घट्ट धरून ती म्हणाली, "बरं. मग मला एवढंच सांग, ही जमीन कुणाची?"

"माझी. कागद आहे."

"कागद तर त्या सिमेंटवाल्याकडंही आहे. तुझ्या कागदाच्या आधी कुणाची होती? त्यांना विचारलंस? आपल्याला कुणी विचारलं नव्हतं, नोहेआ. तेच आता तू दुसऱ्याला करणार?"

हा घाव वर्मी बसला. रागारागानं तिनं ताटं आपटली, काइमानाला उगाच चार शब्द सुनावले, पण आईचं म्हणणं खोटं नाही हे तिला कळत होतं आणि त्याचाच जास्त राग येत होता.

धुलाईखान्यात तिच्या शेजारच्या मशीनवर व्हर्ना नावाची बाई होती. व्हर्ना पायूट, म्हणजे शहर वसायच्या किती तरी आधीपासून ह्या खोऱ्यात राहणाऱ्या लोकांतली. दोघी वर्षानुवर्षं एका चादरीची दोन टोकं धरून घडी घालत आल्या होत्या, सुनांच्या चुगल्या करत आल्या होत्या, पण हा विषय कधी निघाला नव्हता. दुसऱ्या दिवशी चादर हातात धरून नोहेआनं सगळं सांगितलं आणि विचारलं, "मी पुरू का?"

व्हर्ना हसत सुटली. इतकी हसली की चादर खाली पडली.

"अगं बाई! एवढी हॉटेलं उभी राहिली, एवढे पोहण्याचे हौद खणले, आजवर एका माणसानं मला विचारलं नाही. आणि तू विचारतेस ते काय, तर एवढ्याशा नाळेला!"

"हसू नकोस. माझी आई अडून बसलीय."

व्हर्नानं चादर उचलली, झटकली. हसू ओसरलं तेव्हा तिचे डोळे भरून आलेले दिसले. "सगळ्या खोऱ्याच्या वतीनं बोलणारी मी कोण? पण माझ्यापुरतं सांगते. पूर. वर काय लावणार?"

"डाळिंब."

"मग पाणी चुकवायचं नाही. आणि पहिलं डाळिंब माझं."

नोहेआनं घरी येऊन शब्दन् शब्द सांगितला. तुतूनं ऐकून घेतलं. "म्हणजे भाडं ठरलं तर," ती म्हणाली. पण पिशवी काही सोडली नाही.

त्या संध्याकाळी नोहेआनं परसात फावडं घातलं. वरची चार बोटं माती निघाली आणि फावडं खणकन वाजलं. ह्या खोऱ्यात मातीखाली चुनखडीचा थर असतो, पाथरवटालाही घाम फोडणारा. काइमाना येऊन वाकून बघतो तर काय, खड्डा कसला, ओरखडा पडला होता.

"नोहे, इथं देवानंच सिमेंट ओतून ठेवलंय गं," तो म्हणाला. "भाड्यानं ब्रेकर आणतो. नाहीतर सरळ कुंडीत लाव."

"कुंडी उचलून नेता येते. मला उचलून नेता येणारं काही नको. आणि ब्रेकर तर मुळीच नको. त्यांनी आमचं झाड असंच मशीन लावून मुळापासून काढलं."

"मग?"

"मग काय? पहार आण."

आणि ती पेटलीच. कामावरून यायची, कपडे न बदलता पहार घ्यायची. जागा पाण्यानं भिजवून ठेवायची, दुसऱ्या दिवशी तेवढाच पापुद्रा सुटायचा. हाताला फोड आले, ते फुटले, तिनं चिंध्या गुंडाळल्या. काइमानाला हात लावू दिला तो फक्त ढेकळं उचलायला. तुतू मागच्या दारात खुर्ची टाकून बसायची आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवायची.

"विहीर खणतेस का गं?"

"हो. तुला ढकलायला."

"बापावर गेलीस. तोही असाच रेडा होता."

"तुझ्यावर गेलेय. बाबा गरीब होता बिचारा."

माहिना आत खुदुखुदु हसायची. पण एका संध्याकाळी पहार निसटून नोहेआच्या नडगीवर बसली. ती कळवळून खाली बसली, रक्त आलं. काइमाना धावला. तिनं त्याला हातानं बाजूला केलं, दात आवळून उठली, पहार उचलली आणि पुन्हा घातली. त्या घावाला थर तडकला. खाली लालसर, ओलसर माती निघाली, भुसभुशीत, मुठीत धरता येईल अशी.

तुतू खुर्चीतून उठली. काठी टेकत खड्ड्यापाशी आली, चिमूटभर माती उचलून तिनं जिभेला लावली.

"खारट आहे," ती म्हणाली. मग पिशवी उघडून तिनं रुमाल काढला. "डाळिंब कुठंय? आणा. बाळालाही आणा."

माहिना केहाऊला घेऊन आली. काइमानानं डाळिंबाचं रोप आणून ठेवलं आणि टोपी काढली. तुतू खड्ड्याच्या काठाशी गुडघे टेकून बसली, रुमालाची गाठ सोडली आणि पिढ्यांची नावं म्हणू लागली. आमच्यात नावासोबत जागा सांगतात, माणूस आणि त्याची माती एकत्र. तिनं आपल्या पणजीपासून सुरुवात केली. ही अमकी, माकाहाची. तिची मुलगी, नानाकुलीची. तिची मुलगी, वायअनायची. मग स्वतःचं नाव, वायनानी, वायअनायची. तिची मुलगी नोहेआ, वायअनायची. तिची मुलगी माहिना, वायअनायची.

मग ती थांबली.

नोहेआनं पहारीवरची मूठ आवळली. आई आता पुन्हा वायअनाय म्हणणार, आणि म्हटलं तर आपल्याला तिला अडवता येणार नाही, हे तिला माहीत होतं. असं एकदा म्हटलेलं मागं घेता येत नाही.

तुतूनं नाळ मातीत ठेवली, वर तळवा दाबला.

"तिची मुलगी केहाऊ," ती म्हणाली. "वेगासची."

नोहेआ होती तिथंच मटकन बसली आणि ढसाढसा रडायला लागली. लेकीसमोर, नवऱ्यासमोर, कशाची लाज न बाळगता.

"रडतेस काय," तुतू म्हणाली. "माती लोट आधी."