अक्काची लिंबोणी

आमच्या धुळ्याच्या गल्लीत नळाला पाणी यायचं चौथ्या दिवशी, अन् किस्से घडायचे रोज. पाणी कधी पुरलं नाही, किस्से अजून सरत नाहीत!

त्या उन्हाळ्यात अंगणातल्या लिंबोणीला पहिल्यांदा फुलं आली. झाड माझ्या थोरल्या जावेचं, अक्काचं. पण तिचे यजमान, माझे थोरले दीर आबा हट्टाला पेटलेले. "आठे पेवाले पानी नही. झाड तोडीसन मोरी बांधसू!"

अक्का म्हणाली, "चांगल्या पाण्याचा थेंब घेणार नाही. वापरलेल्या पाण्यावर जगवते. लिंबू लागलं नाही तर तोडा."

*

मग काय! समोरच्या हमीदाबीकडे अक्का रोज पातेलं घेऊन हजर.

हमीदाबी म्हणायची, "अक्का, लोग शक्कर मांगते. चावल का धोवन मांगनेवाली तूच पहली!"

*

धोंड्याचा महिना होता. अक्काचे जावई जेवायला आले. त्यांना पाटावर नाही, थेट झाडाच्या आळ्यात उभं केलं, अन् अक्कानं पाय धुतले. डावा, उजवा, परत डावा.

जावई म्हणाले, "मामी, मान माझा आहे की झाडाचा?"

*

अक्काचा भाचा दवाखान्यात कंपाउंडर. त्यानं सलाईनची रिकामी बाटली अन् नळी आणून दिली. अक्कानं भांडी विसळलेलं पाणी गाळून त्यात भरलं, बाटली फांदीला टांगली. मुळाशी थेंब थेंब सुरू.

गल्लीत बोभाटा झाला, आबाच्या घरी सलाईन लावलं! बातमी नातलगांत पोचली, अन् तिसऱ्या दिवशी सावद्याचे आमचे पाहुणे नाना केळ्यांची फणी घेऊन दारात. डोळे भरलेले.

"पेशंट कोठे शे?"

अक्कानं बोट दाखवलं. नानांनी झाडाकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं.

"जेवण जाई का तिले?"

*

पण ऊन वाढलं, निम्मी फुलं गळाली. आबांनी मिस्त्रीला बोलावलं. तो कुऱ्हाड घेऊनच आला. अक्का उंबऱ्यात बसलेली.

मिस्त्रीनं आधी प्यायला पाणी मागितलं. मी तांब्या दिला. अर्धा प्यायला अन् उरलेलं रस्त्यावर फेकायला त्यानं हात उचलला.

आबांनी धावत जाऊन त्याचं मनगट धरलं.

"आरे, तठे काय फेकस? झाडले टाक!"

मिस्त्री एकदा कुऱ्हाडीकडे पाहत होता, एकदा आबांकडे.