घर नसलेला अष्टाचंग

आमच्या विज्ञानाच्या सरांनी नववीत आम्हाला एका धड्याचा खेळ करायला लावला, म्हणून मी पुढे शिकले. लोक विचारतात, खेड्यातली मुलगी तुम्ही, त्या काळात कशा हो शिकलात? मी काही जिद्दीबिद्दीचं सांगावं अशी त्यांची अपेक्षा असते. माझी जिद्द भांडणापुरतीच होती. बाकीचं सगळं सरांचं देणं आहे आणि ते मी आनंदानं मान्य करते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. तेव्हा आमचा जिल्हा अकोला. घर इंझोरीला, हायस्कूल कारंज्याला, येणं-जाणं एस.टी.नं. सहामाहीत मी विज्ञानात नापास झाले. बाबा ओरडणाऱ्यांतले नव्हते. जेवता जेवता त्यांनी सांगून टाकलं, की वार्षिकला नापास झालीस तर दाखला काढायचा. कापूस वेचायला घरचं माणूस लागतंच. सुटीच्या दिवशी मी वेचणीला जातच होते, पण शाळा सोडून रोज तेच करायचं म्हटल्यावर मी ताटावरून उठले.

घोडं अडलं होतं रक्ताभिसरणावर. हृदयाला चार कप्पे असतात हे मला तोंडपाठ होतं. त्या कप्प्यांत चालतं काय, असं कुणी विचारलं की माझी दातखीळ बसायची. वर्गात बहुतेकांचं तेच. मग सरांनी एक दिवस पुस्तक मिटलं आणि म्हणाले, यावर एक खेळ तयार करा. ज्याला अक्षर वाचता येत नाही, त्यालाही खेळता खेळता रक्त कुठून कुठे जातं ते कळायला हवं. सर थट्टा करताहेत असं आम्हाला वाटलं. पण ते खडूचा डबा टेबलावर ठेवून वर्गाबाहेर गेले.

खेळ म्हटल्यावर आम्हाला दुसरं काय सुचणार? अष्टाचंग. फरशीवर चौकोन आखायचे, फोडलेले चिंचोके फेकायचे, पडेल त्या दानानं सोंगटी फिरवायची, वाटेत दुसऱ्याची मारायची आणि शेवटी मधल्या घरात नेऊन बसवायची. घरात बसली की ती पिकली. सगळ्यात आधी ज्याच्या सोंगट्या पिकतात तो जिंकला. आमच्याकडे हे कुणी शिकवत नाही, येतंच.

व्हरांड्यात आम्ही मोठा पट आखला. एका कोपऱ्यात फुप्फुस, बाकीच्या कोपऱ्यांत डोकं, हात, पाय आणि मधोमध, घराच्या जागी, हृदय. फुप्फुसात गेलं की ज्वारीचा एक दाणा उचलायचा, तो म्हणजे प्राणवायू. तो हातापायांना पोचवायचा. दुसऱ्याची सोंगटी मारायचा नियम मात्र गेला. माझ्या बाकावरची मैत्रीण कारंज्याच्या जैन दुकानदाराची मुलगी, ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आपलंच रक्त आपन कायले मारावं?" तोवर परत आलेल्या सरांनी मान डोलावली.

मग सर स्वतः खेळायला बसले. मांडी घालून, चिंचोके घोळवून, चांगले मन लावून खेळले आणि हरलेही. माझ्या चारही सोंगट्या हृदयात जाऊन बसल्या तेव्हा मुलींनी टाळ्या पिटल्या. सरांनी टाळ्या थांबू दिल्या आणि विचारलं, "आता तुझ्या पेशंटचं काय?"

कोणता पेशंट, मला कळेना.

"ज्याचं सगळं रक्त घरी जाऊन बसलं, तो."

माझ्या डोक्यात ते चार कप्पे पहिल्यांदा हलले. रक्त हृदयात येतं ते निघून जायलाच. फुप्फुसाकडे जातं, परत येतं, मग अंगभर जातं, पुन्हा येतं. मी म्हटलं, घरच काढून टाका. मुलं माझ्यावर तुटून पडली. घराशिवाय अष्टाचंग कसला, आणि मग जिंकणार कोण? आम्ही घंटा होईपर्यंत भांडलो. शेवटी ठरलं की सोंगटी कुठेच थांबणार नाही. डोकं, हात, पाय यांना ज्याचे दाणे आधी पोचतील तो जिंकला, आणि जिंकला तरी फिरणं चालूच. सरांनी यातलं एक अक्षरही सांगितलं नाही. त्या गप्प राहण्याबद्दल मी त्यांची जन्माची ऋणी आहे. मी पुढे स्वतः शिकवायला लागले तेव्हा कळलं, की सगळ्यात अवघड तेच असतं.

त्या संध्याकाळी मी घरी ओसरीवर कोळशानं तोच पट आखला. बाबा शेतातून आले आणि उंबऱ्यातच थांबले.

"नापास झाली अन् अष्टाचंग खेळून राह्यली? शाळेत हेच शिकवतेत काय?"

वार्षिकची वाट पाहण्यात अर्थ नाही, उद्या येतो तुझ्यासंगं आणि दाखलाच घेतो, असं ते म्हणाले. माझ्या डोळ्यांना धार लागली. पण भांडखोर स्वभाव कामी आला. मी म्हटलं, घ्या दाखला, पण आधी एक डाव खेळा. बाबा गावातले नावाजलेले खेळाडू, पटाकडे पाठ फिरवणं त्यांना जमलंच नसतं. हातपाय धुऊन बसले. फुप्फुसातून दाणा उचलला, हृदयातून पायाला पोचवला, रिकामी सोंगटी हृदयात आणली आणि पट न्याहाळत राहिले.

"घर कुठी आहे?"

"घर नाही, बाबा. रक्त बसलं का मानूस मेला."

त्यांच्या हातातले चिंचोके हातातच राहिले. मग डावा हात त्यांनी छातीवर ठेवला.

"आता या घडीले बी फिरून राह्यलं?"

"हो."

"झोपल्यावर बी?"

"झोपल्यावर बी."

मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "एवढं वय झालं, मले कोनं सांगतलंच नाही." आईलाही त्यांनी हाक मारली आणि तिचा हात तिच्या छातीवर ठेवायला लावला. ती लाजली.

सकाळी ते धुतलेलं धोतर नेसून माझ्याबरोबर एस.टी.त बसले. दाखल्याचं मी विचारलं नाही. धीर होत नव्हता. शाळेत सर व्हरांड्यातच भेटले. बाबांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि म्हणाले, "मास्तर, पोरगी पास होईन का नाही, मले मालूम नाही. नापास झाली तरी इले शिकवा."