तीन हंगाम दुसरीच्या नावावर

हे लिहायचा अधिकार मला आहे की नाही, ठाऊक नाही; आधीच माफी मागतो. मी बास्केटबॉल कधी खेळलो नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे सांगितलेल्या कामाला नाही म्हणता येतं हे मला उशिरा कळलं. जालन्याच्या आमच्या कॉलेजात मुलींचा संघ उभा राहिला, तेव्हा क्रीडाशिक्षकांनी माझं अक्षर पाहून मला सामन्यांचं गुणपत्रक लिहायला बसवलं. सामन्याची बातमी करून पेपरच्या जिल्हा पानाला पाठवायचं कामही माझ्याकडेच आलं.

पहिल्या हंगामात संघात सहाच मुली होत्या. निम्मे गुण हसनाबादची एकटी करायची. तिचे वडील नव्हते. घर चुलत्यांच्या शब्दावर चालायचं. पहिला सामना संपल्यावर ती टेबलाशी आली.

"भाऊ, पेपरात माझं नाव नको देऊ. चुलते स्टँडवर बसून अख्खा पेपर वाचतेत. मी घरी कम्प्युटरचा क्लास सांगितलाय."

"मंग तुझे गुण कोणाच्या नावावर टाकू?"

बेंचवरची सहावी, आष्टीची, बुटाची नाडी सोडत होती. "माझ्या टाक. आमच्याकडं पेपर आला तरी आई त्यात भाकरी बांधती."

गुणपत्रकावर मी खरं लिहिलं, बातमीत आष्टीच्या मुलीचं नाव दिलं. तो हंगाम आम्ही पूर्ण हरलो, त्यामुळे फारसं काही वाटलं नाही.

दुसऱ्या हंगामाच्या आधी दिवाळीची सुट्टी आली. मुली कापूस वेचायला घरी गेल्या आणि बोटं ओरखडलेली घेऊन परतल्या. चेंडू हातात बसायला आठवडा गेला. तरी काही सामने जिंकले. तिसऱ्या हंगामात विद्यापीठाच्या उपांत्य फेरीपर्यंत पोचलो. मी बातम्या तशाच लिहीत राहिलो. आष्टीची एव्हाना गमतीने मला म्हणायची, "काल किती केले रे मी?"

त्या वर्षी क्रीडाशिक्षक बदलले होते. नव्या सरांनी कोणाला न विचारता कात्रणांची फाइल केली आणि दक्षिणेतल्या एका व्यावसायिक महिला संघाला पाठवली. निवड चाचणीचं बोलावणं आलं ते आष्टीच्या मुलीला.

आम्ही तिघं सरांसमोर उभे राहिलो. मी सगळं सांगितलं.

"तू तीन वर्षं हेच करून राह्यला?"

"हो सर. पण गुणपत्रकं बराबर हायेत."

सरांनी कपाटातून गुणपत्रकं काढायला लावली. त्या संघाला कळवू म्हणाले, पण घरची परवानगी लागेल. हसनाबादची खाली बघून म्हणाली, "जायचंय मला सर. मीच सांगते घरी." तिला खेळायचंच होतं, पण इतक्या उघडपणे ती पहिल्यांदाच बोलली.

रविवारी ती गावी गेली. सोमवारी तिने सांगितलेलं असं. तिने सगळं सांगितल्यावर चुलते म्हणाले, "ती आष्टीची पोरगी भारी खेळती, सगळ्या स्टँडला मी वाचून दाखवलं. ती तू हायेस?" ती हो म्हणाली. ते उठून बाहेर गेले. खोटं बोलल्याचा त्यांना राग होता, आणि तो बरोबरच होता. परवानगीबद्दल त्या दिवशी शब्द निघाला नाही.

त्यानंतर परीक्षा झाल्या, मी गावी कुंभार पिंपळगावला आलो. चाचणी कधी आहे, सुधारलेलं बोलावणं आलं का, मला कळलं नाही. विचारायचं धाडसही झालं नाही. माझ्याच लिहिण्याने तिची संधी गेली असेल असं वाटत होतं.

पेरण्या आटोपल्यावर आष्टीच्या मुलीचा फोन आला.

"घेतलं तिला. करार झाला."

"आणि चुलते?"

"तेच घेऊन गेल्ते. अजून तिकडंच हायेत. सराव बघून राह्यले रोज, परत यायचं नावच न्हाई."