पापणीआडचा लाल रंग

तार एकच होती आणि बातम्या दोन. मुलगी झाली, कमल गेली. नगरच्या शाळेत मी वर्गावर होते. पहिली बातमी वाचून हसू फुटलं मला, आणि मग... मेलं ते हसू अजून मला टोचतं.

कमलवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. लग्नाआधी नर्सिंग शिकलेली, म्हणून कोपरगावच्या दवाखान्यात कामाला जायची. समोर बाई आली की "बघू डोळा" म्हणत अंगठ्याने तिची खालची पापणी ओढायची. पाथर्डीकडून ऊसतोडीला आलेली एक बाई एकदा फिसकारली, "डोळ्यात काय बघताय बाई? आमी काय रडतोय व्हय?" वहिनी हसत सुटली. मग समजावत बसली, की रक्ताला लाल रंग देतं ते हिमोग्लोबिन, त्यात कणभर लोखंड असतं, ते छातीतला प्राणवायू उचलून पायाच्या नखापर्यंत पोचवतं. रंग फिका म्हणजे हमालच कमी, मग चार पावलांत दम लागणारच. "मंग काय खिळं खाऊ?" बाईने विचारलं. "पालेभाजी खा, लोखंडी कढईतली. आणि सगळ्यांचं उरलंसुरलं खाऊन राहू नका." हे सांगणारी आमची वहिनी घरी मात्र शेवटच्या पंगतीला बसायची, कढई खरवडून आधी पुरुषांना वाढायची. जळो ती रीत!

तिला दिवस गेले आणि रंग उजळत चालला. आई तर हरखूनच गेली. डोहाळजेवणाला मी सुट्टी काढून गेले होते. आलेली प्रत्येक बाई म्हणे, "किती गोरी झालीस गं!" कुणी तर दृष्टसुद्धा काढली. हिरव्या साडीत ती खरंच देखणी दिसत होती... झोपाळ्यावरून तिने मला हळूच जवळ ओढलं. "वन्सं, माझा डोळा बघा हो. आरशात मला माझाच भरवसा वाटेना." मी पापणी ओढली. आत लाली अशी नव्हतीच, धुतलेल्या तांदळासारखं पांढरं. माझा चेहरा बघून तीच म्हणाली, "हळू. ओटी भरू द्या त्यांना."

दुसऱ्याच दिवशी दादा तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला. औषध सुरू झालं. ती शेवटची पंगत मी बंद करायला लावली. पण बाळ आपल्या वाटणीचं लोखंड आईकडून आधी काढून घेतं, हेही वहिनीनेच मला सांगितलेलं. बाळंतपणात रक्त गेलं, आणि जायला तिच्याकडे होतंच किती! रक्त चढवायची सोय गावात कुठली?

"शेवटी कशी गोरीपान झाली होती गं..." आई अजून म्हणते आणि पदर तोंडाशी धरते. ते ऐकून मला राग येतो, रडू येतं, दोन्ही एकदमच.

गेल्या रविवारी बाळाला न्हाऊ घालून पुसत होते. पोरीने रडून घर डोक्यावर घेतलेलं. माझा हात आपोआप गेला. अंगठ्याने खालची पापणी अलगद ओढली.

लाल आहे, वहिनी. चांगली लालभडक आहे.