खंडेनवमीचा कीबोर्ड

"नांगर धुतेस का गं?" सर ओरडले. सगळा क्लास हसला. माझ्या हातात ओलं फडकं होतं आणि कीबोर्डमधून टेबलावर पाणी गळत होतं.

खंडेनवमी होती. सरांनीच मला मशिनची पूजा मांडायला सांगितलं होतं. आमच्या गावी, हिर्डोशीला, कोयता, विळा, नांगर आधी धुतात, मग हळदकुंकू. न धुता पूजा कसली? मी धुतला. कीबोर्ड मेला.

"ही गावाकडची पोरं! यापुढं मशिनला हात लावायचा नाही. खाली बसून थिअरी लिही."

बसले. तालुक्याची, भोरची मुलं खुर्च्यांवर, मी लादीवर. रोज संगणकाचे प्रकार लिहायचे. सुपरकॉम्प्युटर हवामानाचा अंदाज काढतो. मेनफ्रेम बँकेचे व्यवहार सांभाळतो. मिनी त्याहून लहान, एखाद्या कारखान्याला पुरतो. मायक्रो म्हणजे टेबलावरचा, मांडीवरचा, हातातला मोबाईलसुद्धा. सगळं पाठ. पण टेबलावरचा तो मायक्रो कुठून चालू होतो, ते मला माहीत नव्हतं.

भीती फार वाईट. एखादी वायर पायाला लागली तरी मी अंग चोरायचे. आणखी काही मोडलं तर? घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, "मोडलं तर आपन कुठनं भरून देनार? सर सांगत्यात तसं गप ऱ्हा." तिचाही आवाज कापत होता. आमच्या घरात भीती शेताच्या बांधासारखी, आजोबांपासून चालत आलेली.

प्रॅक्टिकलचा दिवस आला. मार्क सरच देणार होते. ते जवळ आले, हळूच म्हणाले, "तू मशिनवर बसू नकोस. प्रकार लिहून दे. पास करतो. तुला तेवढं बास."

हो म्हटलं असतं तर सर्टिफिकेट हातात पडलं असतं. मग कामाच्या जागी पहिल्याच दिवशी कुणी म्हणालं असतं, चालू कर. तेव्हा मी काय केलं असतं? परत खाली बसले असते?

"न्हाई सर. म्या मशिनवरच बसनार."

आवाज फाटला, पण बसले. बटण सापडेना. मागून खिदळणं चालूच. चाचपत एक दाबलं. मशिनमधला पंखा घरघरला, पडदा उजळला. माझ्या हाताने.

सरांनी भिंतीवरचा खटका बंद केला. पडदा काळा. "ऊठ."

मी उठले नाही. भीती होतीच. डोळ्यांत पाणी. आईचा चेहरा समोर. खुर्चीच्या कडा घट्ट धरल्या.

"खटका लावा सर. न्हाईतर सगळ्यांदेखत हाताला धरून उठवा."

त्यांनी ना खटका लावला, ना मला हात लावला. नापास मात्र केलं.

नापास झालेल्यांसाठी उद्या परत क्लास आहे. पहिल्या एसटीने जाणार आहे. घाबरतच बसेन, पण खुर्चीत बसेन. लादीवर आता कुणाच्या बापाच्या सांगण्यावरून बसणार नाही.