वरच्या बांधीचा पोरगा

आणीबाणीच्या आदल्या वर्षी पावसानं दगा दिला आणि त्यातच माझ्या बाबांचा उजवा हात कायमचा गेला. भंडाऱ्याकडे, करडी गावाजवळच्या आमच्या गावात तलावाचं पाणी पाटानं आधी वरच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, जायचं, मग आमच्या. वरच्या बांध्या दूरच्या नात्यातल्या एका माणसाच्या. त्यानं पाट अडवला. बाबा जाब विचारायला गेले, तर त्यानं फावड्याचा दांडा घातला. कोपराचा चुरा झाला. आमचं धान उभ्या उभ्या वाळलं.

मी एकुलती एक, लग्नाच्या वयाची. आलेली स्थळं परतवून लावली आणि पुढच्या पावसाळ्यात स्वतः नांगर धरला. बाईनं नांगर धरला म्हणून गावात कुजबुज झाली. माय रडली.

"रडून धान नाई पिकत, माय," मी म्हटलं.

माझ्या मनात मात्र वेगळंच पीक वाढत होतं. त्या माणसाचं धान निसवायला आलं की त्याच्या बांधीचा धुरा, म्हणजे मातीचा बांध, फोडून पाणी नाल्यात सोडायचं, हे मी ठरवून टाकलं होतं.

त्या वर्षीही पावसानं ओढ दिली. भर दुपारी, सगळे जेवायला गेलेले पाहून, मी फावडं घेऊन वरच्या बांधीत शिरले. नाल्याकडच्या धुऱ्यावर घाव घालते तोच मागून आवाज आला, "तिकून नोको फोडू."

त्या माणसाचा मुलगा. मारामारीच्या दिवशी तो तिथंच होता, हे मला ठाऊक होतं.

"काहून? माहा पन हात मोडतं का?"

"तिकून फोडलं त पानी वाया जाते. इकून फोड, तुह्या बांधीत जाईल."

मी हलले नाही, तेव्हा त्यानं स्वतःच आमच्या बाजूचा धुरा फोडला. आमच्या भेगाळलेल्या बांधीत पाणी उतरताना पाहून माझा राग आणखीच वाढला. सूड उगवायला आले होते आणि उपकार पदरात पडत होता.

"एवढ्यानं फिटत नाई," मी म्हणाले.

"ठाऊक हाय मले."

बाबांच्या हाताची केस भंडाऱ्याच्या कोर्टात उभी होती. साक्ष द्यायला गावातलं कुणी तयार होईना. तो तलावात बैल धूत होता, तिथंच मी त्याला गाठलं.

"तू पायलं होतं. सांगशील का कोर्टात?"

"बाप हाय माहा."

"आन ज्याचा हात मोडला, तो माहा बाप हाय."

तो बैलाची पाठ घासत राहिला. मी आशा सोडली. पण तारखेला तो आला. बापासमोर उभं राहून त्यानं सांगितलं, की दांडा आपल्याच बापानं उगारला होता. उलटतपासणीतही शब्द फिरवला नाही. शिक्षा झाली. म्हातारा जाता जाता मुलाला म्हणाला, "तू मेला मले."

या दिवसाची मी केवढी वाट पाहिली होती! पण बस स्टँडवर माझी नजर सारखी त्या पोराकडे जात होती. तो एकटाच बाकावर बसला होता. घरी जायला त्याला तोंड नव्हतं. त्या दिवशी मला कळलं, की आपल्याला आता या माणसाचं वाईट झालेलं बघवणार नाही.

त्यानं अड्याळला धानाच्या गिरणीत काम धरलं. काही महिन्यांनी मी बसनं तिथं गेले.

"लगन कराचं हाय. तुह्यासंग," मी सरळच सांगितलं.

त्याच्या अंगभर कोंडा उडालेला. तो हसला, मग गंभीर झाला. "तुह्या बाबाले इचारलं?"

"इचाराचं नाई, सांगाचं हाय."

बाबा माझ्याशी कितीतरी दिवस बोलले नाहीत. मग एका सकाळी म्हणाले, "माह्यासाठी त्यानं आपलं घर गमावलं. घेऊन ये त्याले." आमचं लग्न अंगणातच लागलं. त्याच्याकडून कुणी आलं नाही; तो आमच्याच घरी राहायला आला.

सासरा सुटून आला तरी मुलाचं तोंड पाहत नव्हता. पुढे, ऐंशी सालानंतर, तो आजारी पडला. घरात दुसरं कुणी नव्हतं. नवरा बापाच्या दारापर्यंत जाऊन परत यायचा. मीच बैलगाडी जुंपली आणि गेले.

"काहून आली?" म्हातारा खाटेवरूनच खेकसला.

"तुमाले न्याले आली, मामाजी."

"मी नाई येत."

"मंग मी बी नाई जात," म्हणून मी चूल पेटवली. भात शिजला, त्यानं भिंतीकडे तोंड करून खाल्ला. ऊन कलल्यावर तो काठी टेकत उठला आणि गाडीत चढून बसला.